एकट्याचं आत्मचरित्र वाचू नका

"वाचलीच पाहिजेत अशी दहा आत्मचरित्रं" या नावाची यादी मला वर्षातून तीन-चारदा तरी येते. पाठवणारे बदलतात, यादी साधारण तीच. अग्निपंख, सत्याचे प्रयोग, एखाद्या अमेरिकन उद्योगपतीचं उशीएवढं जाड चरित्र, एखादा खेळाडू, एखादा सैन्यातला अधिकारी, आणि मराठीची लाज राखायला शेवटी कुठेतरी स्मृतिचित्रे किंवा बलुतं. खाली ठरलेलं वाक्य : मुलांना जरूर द्या, प्रेरणा मिळते.

परवा आमच्याच घरच्या मंडळींत ही यादी पुन्हा फिरली. दहावी-बारावीच्या भाचरांना बक्षीस काय द्यायचं असा विषय होता. मी तिथे दोन ओळींत विरोध नोंदवला आणि "मग तू सांग ना" असं उत्तर आलं. ठीक आहे, सांगतो. दोन ओळींत मावणारं नाही म्हणून इथे लिहितोय. नमनालाच घडाभर तेल गेलं, तेव्हा मुद्द्यावर येतो.

माझं म्हणणं एवढंच : कुठल्याही मोठ्या माणसाचं चरित्र किंवा आत्मचरित्र एकटं वाचू नये, एकटं भेट देऊ नये आणि एकट्याची शिफारस तर मुळीच करू नये. त्याच्यासोबत दुसरं एक पुस्तक पाहिजे. त्याच घरातल्या, त्याच गावातल्या, त्याच चळवळीतल्या दुसऱ्या कुणाचं तरी. शक्यतो अशा माणसाचं, ज्याच्या नावाने चौक नाही, पुतळा नाही.

आत्मचरित्र म्हणजे शेवटी काय? एका माणसाने स्वतःच्याच खटल्यात दिलेली साक्ष. कितीही प्रामाणिक असला तरी तो वादीही आहे, वकीलही आहे आणि कागदपत्रं त्याच्याच कपाटात आहेत. तालुक्याच्या कोर्टातसुद्धा एका साक्षीदारावर निकाल देताना न्यायाधीश दहादा विचार करतात. आपण मात्र "केवढा मोठा माणूस!" म्हणून पुस्तक मिटतो आणि ते दुसऱ्याच्या हातात ठेवतो.

हे सगळं शिकायला फार लांब जायला नको. आमच्या नाशिक जिल्ह्यातच पुरेसा माल आहे :)

निफाडपासून सुरुवात करू. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८ जानेवारी १८४२ ला निफाडला जन्मले. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते, प्रार्थना समाज, राष्ट्रीय सभा, अर्थशास्त्र... यादी मोठी आहे. न. र. फाटकांनी लिहिलेलं त्यांचं चरित्र आहे, ते विद्वत्तेचं काम आहे, जरूर वाचा. पण रानडे घरात कसे होते हे कळायला दुसरं पुस्तक लागतं. ते रमाबाईंनी लिहिलं : 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी', १९१० साल. रानडे जाऊन नऊ वर्षं झाली होती.

१८७३ साली रानड्यांची पहिली पत्नी वारली. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारा हा माणूस आता विधवेशी लग्न करील अशी सुधारकांची अपेक्षा होती. वडिलांनी घाई केली आणि एकतीस वर्षांच्या रानड्यांचं लग्न अकरा वर्षांच्या मुलीशी झालं. चरित्रकाराला या प्रसंगाचं काहीतरी करावं लागतं. समर्थन, खेद, "काळ तसा होता"... काहीतरी. रमाबाईंना काहीच करावं लागत नाही, कारण ती अकरा वर्षांची मुलगी त्या स्वतःच आहेत. नवऱ्याने शिकवायला घेतलं, आणि घरातल्या बायकांनी त्या शिकण्याबद्दल छळ मांडला. म्हणजे सुधारणा नवऱ्याची आणि तिचा रोजचा दंड भरायचा बायकोने, तोही स्वयंपाकघरात, जिथे नवरा नसतो. १८७८ मध्ये रानड्यांची बदली नाशिकला झाली. रमाबाई पहिल्यांदा चारचौघांत बोलल्या त्या इथल्याच हायस्कुलात, आणि ते भाषण रानड्यांनी लिहून दिलेलं होतं. याच रमाबाई पुढे सेवासदन उभं करतात.

आता गंमत बघा. हे पुस्तक नवऱ्याविरुद्ध अजिबात नाही. ओळीओळीत आदर आहे, आजच्या वाचकाला जरा जास्तच वाटेल इतका. तरीही सुधारणेची किंमत कुणी आणि कशी मोजली हे त्यातून जितकं कळतं तितकं रानड्यांच्या भाषणांच्या संग्रहातून कळत नाही. म्हणजे दुसरी साक्ष शत्रूचीच असली पाहिजे असं नाही. फक्त ती दुसऱ्या खोलीतून दिलेली पाहिजे.

दुसरं उदाहरण कर्व्यांचं. महर्षी धोंडो केशव कर्वे नाशिकचे नव्हेत, मुरुड-हिंगण्याचे. पण त्यांच्या घरावरचं सगळ्यात गाजलेलं नाटक आमच्या नाशिकच्या वसंत कानेटकरांनी लिहिलं. 'हिमालयाची सावली', १९७२. त्यातले नानासाहेब भानू आणि बयो म्हणजे कोण हे प्रेक्षकांना सांगावं लागलं नाही. एका डोंगराएवढ्या माणसाशी संसार करणारी बाई कानेटकरांनी रंगमंचाच्या मधोमध आणली, हे त्यांचं मोठंच काम. पण मला ते शीर्षक कायम खटकत आलंय. कारण ही सावली बोलत होती! नाटकाच्या अठ्ठावीस वर्षं आधी, १९४४ साली, आनंदीबाई कर्वे म्हणजेच बाया कर्वे यांचं 'माझे पुराण' छापून आलेलं होतं. स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या शब्दांत. आपण नाटकाला रडलो आणि पुस्तक विसरलो.

बायांचा मोठेपणा कुणाची बायको म्हणून सुरू होत नाही. त्या बालविधवा. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं तेव्हाच्या पहिल्या विद्यार्थिनी. १८९३ मध्ये कर्व्यांशी पुनर्विवाह. मग गावचा बहिष्कार, मग १८९६ चा आश्रम, मग हिंगणं. कर्व्यांनी 'आत्मवृत्त' लिहिलं, पुढे १९३६ मध्ये इंग्रजीतही आत्मचरित्र लिहिलं. अत्यंत सरळ, बिनअहंकारी माणूस. जे मिळालं ते संस्थेला दिलं. पण "जे मिळालं ते संस्थेला दिलं" हे वाक्य घराच्या आतून वाचून बघा. चार पोरांचं घर आहे, नवरा संत आहे आणि महिनाअखेर दर महिन्याला येते. बायांनी हा हिशोब मांडलाय, कुरकुर केलीय, भांडल्यात, आणि आश्रमासाठी स्वतःही राबल्यात. दोन्ही खरं आहे.

आणि याच घरातून तिसरंही पुस्तक निघालं. बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले. त्याही विधवा. आश्रमासाठी वर्गणी मागत गावोगाव हिंडल्या, १९१८ मध्ये अमेरिकेला गेल्या, तिथे घरकाम करून राहिल्या. त्यांची 'माझी कहाणी' १९२८ ची. एका संस्थेची तीन पुस्तकं : संस्थापकाचं, त्याच्या बायकोचं, त्याच्या मेव्हणीचं. जगात कुठल्या संस्थेला अशी तिहेरी साक्ष लाभली असेल? आणि यादीत काय असतं? फार झालं तर कर्वे. नाहीतर कर्वेही नाहीत, कारण त्यांनी मोबाईल विकले नाहीत.

तिसरं उदाहरण खास घरचं. लक्ष्मीबाई टिळक. नाशिकजवळच्या जलालपूरच्या, गोखल्यांची मनू. १९३६ मध्ये वारल्या त्याही नाशिकलाच. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून चार भागांत आलं. ते यादीत असतं हे मान्य. पण ज्या कारणाने असतं त्यावर माझा आक्षेप आहे. "मराठीतलं अभिजात आत्मचरित्र" असा शिक्का मारून आपण ते काचेच्या कपाटात ठेवलंय. शाळेत एक धडा, परीक्षेला एक टीप, संपलं.

त्याऐवजी ते जोडीने वाचा. नारायण वामन टिळकांचं विन्स्लो नावाच्या मिशनऱ्याने लिहिलेलं इंग्रजी चरित्र १९२३ चं आहे. त्यात टिळक म्हणजे महाराष्ट्राचे ख्रिस्ती कवी, भक्त, साधू. सगळं खरं. आता लक्ष्मीबाईंचे टिळक बघा. घरात न सांगता उठून चालते होतात, पैसे हातात टिकत नाहीत, रागावतात, विरघळतात, पुन्हा गायब. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतात आणि बायको मागे राहते. विन्स्लोच्या बाजूने बघितलं तर हा एका आत्म्याचा प्रवास. बायकोच्या बाजूने बघितलं तर एक दिवस नवऱ्याचा धर्म बदललाय, आपला बदललेला नाही, पदरात मूल आहे आणि जातवाले, नातेवाईक तोंडाकडे बघतायत. पुढची जवळपास पाच वर्षं हा संसार दुभंगलेला होता. मग ती नगरला जाते ती सोवळं सोबत घेऊन. ते सोवळं हळूहळू स्वतःच्या डोक्याने सोडते, आणि १९०० मध्ये स्वतःला पटल्यावर ख्रिस्ती होते. नवरा झाला म्हणून नाही. एकाच घरात दोन धर्मांतरं झाली, आणि माझ्या मते दुसरं जास्त अवघड होतं. टिळक गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' अपुरं होतं, ते पूर्ण करायला घेतलं तेही याच न शिकलेल्या बाईने.

आणि एवढं सगळं सांगताना ही बाई हसते! नवऱ्याला हसते, त्याहून जास्त स्वतःला हसते. ज्यांना मूळ मराठी वाचणं जड जातं अशी आपल्या घरची परदेशातली पोरं आहेत, त्यांच्यासाठी शांता गोखल्यांचं इंग्रजी भाषांतर २०१७ मध्ये आलंय. "मला मराठी वाचता येत नाही" ही सबब संपली.

आता आक्षेपांकडे.

पहिला आक्षेप हमखास येतो : ही काय उणीदुणी काढायची? मोठ्या माणसांच्या घरात डोकवायचं कशाला? १९९० मध्ये सुनीताबाईंचं 'आहे मनोहर तरी' आलं तेव्हा हा सूर मराठी घराघरांत लागला होता. पुलं हयात होते. अख्ख्या महाराष्ट्राला हसवणारा माणूस घरात कसा होता, कुठली कामं त्याच्या हातून होत नव्हती, ती कोण करत होतं, हे बायकोने लिहिलं आणि लोकांना जणू आपल्याच घरात चोरी झाल्यासारखं वाटलं. त्याआधी १९८४ मध्ये मल्लिका अमर शेख यांचं 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' आलं. नवरा नामदेव ढसाळ, कवी म्हणून अफाट. पुस्तकात त्या संसाराची होरपळ आहे. तिथेही तेच ऐकू आलं : हे लिहायलाच हवं होतं का?

हो. हवं होतं. ज्याला आपण उणीदुणी म्हणतो तो बहुतेक वेळा कामाचा हिशोब असतो. मोठ्या माणसाने बारा तास लिहिलं किंवा चळवळ केली, त्या बारा तासांत भाजी कुणी आणली, पाहुण्यांना कुणी जेवायला घातलं, पत्रांना उत्तरं कुणी दिली, आजाऱ्याचं कुणी केलं? हा वेळ कुणीतरी दिलेला असतो. नवऱ्याच्या पुस्तकात तो एका वाक्यात येतो, बहुतेक अर्पणपत्रिकेत : जिच्या साथीशिवाय हे शक्य नव्हतं. बायकोच्या पुस्तकात त्याच वाक्याची तीनशे पानं होतात. ज्यांना ती तीनशे पानं खाजगी वाटतात त्यांनी अर्पणपत्रिकेलाही टाळ्या वाजवू नयेत.

आणि ढसाळांची कविता त्या पुस्तकाने छोटी झाली का? माझ्यासाठी तरी नाही झाली. पुलंचा विनोद कमी झाला का? मी अजूनही प्रवासात हमखास पुलं घेऊन बसतो. मोठेपणाला दुसरी साक्ष सोसत नसेल तर तो मोठेपणा जरा तपासून घ्यावा.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : बायको खरं बोलते कशावरून? बरोबर. काहीच खात्री नाही. तीही विसरते, रागाने लिहिते, प्रेमाने झाकते. रमाबाईंनी झाकलेलं जाणवतंच. म्हणून तर जोडीने म्हणतोय! बायकोचं पुस्तक एकटं वाचून नवऱ्याला फासावर चढवा असं मी कुठे म्हटलं? दोन्ही वाचा. जिथे दोन्ही जुळतात तिथे पाय टेकवा. जिथे जुळत नाहीत तिथे थांबा आणि विचार करा. वाचनातली खरी मेहनत तिथे आहे आणि मजाही तिथेच.

तिसरा आक्षेप आमच्या एका मित्राचा : म्हणजे तुझा सगळा कारभार नवरा-बायकोचाच. कलामांनी तर लग्नच केलं नव्हतं, तिथे काय करशील? :) मान्य. जोडी नवरा-बायकोचीच हवी असं नाहीच. याचंही उदाहरण नाशिकमध्येच आहे.

२ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेबांच्या कुठल्याही चरित्रात तो आहे. धनंजय कीरांच्या आहे, खैरमोड्यांच्या खंडांत आहे. दादासाहेब गायकवाडांचं नावही येतं. आमच्याच जिल्ह्यात येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ ची घोषणा झाली, तीही येते. पण त्या काळात नाशिकच्या दलित घरात वाढणाऱ्या मुलीचं काय चाललं होतं? ते वाचायचं तर शांताबाई दाणींचं 'रात्रंदिन आम्हां' घ्या. १९९० चं पुस्तक, शब्दांकन भावना भार्गवे यांचं. शांताबाई नाशिकच्या. घरच्या गरिबीतून शिकल्या, आंबेडकरी चळवळीत उतरल्या, विधान परिषदेत गेल्या, मुलींच्या शिक्षणासाठी संस्था उभ्या केल्या. ज्या शहरात देवळाचं दार उघडायला एवढा लढा द्यावा लागला त्या शहरात एका मुलीसाठी शाळेचं दार उघडणं म्हणजे काय होतं, हे बाबासाहेबांच्या चरित्रात सापडणार नाही. सापडायचं कारणही नाही, ते काम त्या पुस्तकाचं नव्हे. म्हणून दोन्ही.

बाबासाहेबांची आणखी एक जोडी आहे. सविता आंबेडकर म्हणजे माईसाहेब यांचं 'डॉ. आंबेडकरांच्या सहवासात'. १९४८ च्या लग्नानंतरची आठ वर्षं, म्हणजे संविधान, राजीनामा, धर्मांतर, आणि या सगळ्यात एक खंगत चाललेलं शरीर. त्या बाईने पुढे कित्येक वर्षं लोकांचा संशय झेलला. तिचं म्हणणं न ऐकता मत बनवणाऱ्यांनी निदान एकदा ते पुस्तक उघडावं.

आणि 'बलुतं' (१९७८) वाचणाऱ्याने बेबीताई कांबळ्यांचं 'जिणं आमुचं' टाळू नये. दया पवारांनी स्वतःला सोडलेलं नाही, ते पुस्तक धाडसीच आहे. पण बेबीताईंनी वस्तीतल्या बायकांचं जे लिहिलंय, बाहेरच्या जातीचा मार आणि घरातल्या नवऱ्याचा मार दोन्ही, ते पुरुषाच्या हातून तसं उतरलं नसतं. बेबीताईंनी ते लिखाण वर्षानुवर्षं नवऱ्यापासून लपवून ठेवलं होतं. यावर मी काय वेगळं बोलू?

आता एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण घरची मंडळी हमखास इथे घसरतात. कादंबरी म्हणजे चरित्र नव्हे! चरित्र सुचवा म्हटलं की आपल्याकडे स्वामी, श्रीमान योगी, छावा अशी नावं धडाधड पडतात. चांगल्या-वाईटाचा प्रश्न नाही, जात वेगळी आहे. आनंदीबाई जोशींचंच बघा. १८८६ मध्ये अमेरिकेतून डॉक्टर झाल्या, १८८७ मध्ये बाविशीही न गाठता गेल्या. मराठी माणूस त्यांना ओळखतो तो श्री. ज. जोशींच्या 'आनंदी गोपाळ' या १९६८ च्या कादंबरीतून, तिच्यावरच्या नाटकातून, नाहीतर २०१९ च्या सिनेमातून. पण काशीबाई कानिटकरांनी १९१२ मध्येच त्यांचं चरित्र लिहिलं होतं. एका बाईने दुसऱ्या बाईचं लिहिलेलं. अंजली कीर्तने यांनी १९९७ मध्ये कागदपत्रं शोधून मोठा ग्रंथ केला. ही दोन पुस्तकं असताना आपण कादंबरीतले संवाद आनंदीबाईंच्या तोंडचे म्हणून एकमेकांना सांगतो. कादंबरी वाचा, खुशाल रडा. पण साक्षीदार म्हणून तिला पिंजऱ्यात उभी करू नका.

मग जिथे दुसरं पुस्तकच नाही तिथे काय करायचं? हा सगळ्यात अवघड प्रश्न. सत्याचे प्रयोग घ्या. गांधींनी स्वतःबद्दल जितकं उघड लिहिलंय तितकं फार थोड्या नेत्यांनी लिहिलं असेल. डर्बनच्या घरात कस्तुरबांना हाताला धरून दारापर्यंत ओढत नेलं तो प्रसंग त्यांनीच लिहिलाय. पण लिहिलाय त्यांनीच. चूक करणाराही तोच, कबूल करणाराही तोच, आणि वाचून भारावतो तेही त्याच्याच मोठेपणाने. कस्तुरबांचं पुस्तक नाही. कर्व्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई १८९१ मध्ये गेल्या, त्यांचं पुस्तक नाही. रानड्यांच्या पहिल्या पत्नीचंही नाही. अशा ठिकाणी निदान शेल्फवर एक जागा रिकामी आहे हे लक्षात ठेवून वाचावं. तेवढं जरी मुलांना सांगितलं तरी पुष्कळ झालं.

कधी कधी ती रिकामी जागा दुसराच कुणी भरतो. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिलं. काटेकोर अर्थाने ते आत्मचरित्र नाही, पण गोष्ट स्वतःच्याच आईची. कोकणातली एक गरीब, आजारी, कुठल्याही यादीत न बसणारी बाई. तिने काहीही स्थापन केलं नाही. तरी मराठी घरांत त्या पुस्तकाइतकं दुसरं कुठलं वाचलं गेलं असेल असं वाटत नाही. म्हणजे अशा माणसांची गोष्ट आपल्याला नको असते असं मुळीच नाही. मुलाने आईबद्दल हळवं होऊन सांगितली तर आपण डोक्यावर घेतो. तीच बाई स्वतः सांगायला बसली, हिशोबासकट सांगायला लागली, की मात्र आपल्याला "उणीदुणी" आठवतात. माझं खरं भांडण या सवयीशी आहे.

"प्रेरणा" या शब्दाबद्दलही थोडं. मुलांना प्रेरणा द्यायला माझी हरकत नाही. पण नुसत्या यशाची आत्मचरित्रं वाचून मूल काय शिकतं? की आपणच नायक आणि बाकीचे सगळे सहकलाकार. आई डबा देणार, बहीण गप्प बसणार, बायको साथ देणार, आणि आपण मोठं होणार. असं शिकलेली माणसं आपण सगळेच ओळखतो, काहींना तर दिवाळीला भेटतोही :) त्यापेक्षा पंधरा-सोळाव्या वर्षी कर्वे आणि बाया शेजारी शेजारी वाचलेला मुलगा उद्या मोठं काम करेलच असं नाही, पण केलंच तर घरात कुणाच्या वाट्याला काय येतंय हे एकदा तरी विचारील. आणि मुलगी असेल तर तिला हे कळेल की सावली म्हणून उभं राहणं एवढा एकच पर्याय नाही, आणि सावली झालेल्या बायाही गप्प नव्हत्या.

तर घरच्यांनो, बक्षीस म्हणून एक जाड पुस्तक देण्याऐवजी दोन बारीक द्या. नवीन मिळाली नाहीत तर जुनी शोधा, नाहीतर वाचनालयातून आणा. आपल्या नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे, सभासद व्हा. मी सुरुवात म्हणून चार जोड्या सुचवतो : फाटकांचं रानडे-चरित्र आणि रमाबाईंच्या आठवणी. कर्व्यांचं आत्मवृत्त आणि माझे पुराण. कीरांचे आंबेडकर आणि शांताबाईंचं रात्रंदिन आम्हां. बलुतं आणि जिणं आमुचं. मुलं लहान असतील तर नुसतं स्मृतिचित्रे मोठ्याने वाचून दाखवा, हसता हसता पुढचं सगळं कळतं.

आणि आता ब्लॉगर मंडळी, खूप दिवसांनी एक खो देतो. नियम सोपे. एका पुस्तकाचं नाव घ्यायचं नाही, जोडीच सांगायची. दोन्ही तुम्ही स्वतः वाचलेली हवीत. आणि दोन्ही पुस्तकं एकमेकांशी कुठे जुळत नाहीत ती एक तरी जागा दाखवायची. मराठीच हवं असं नाही, पण निदान एका पुस्तकाचा लेखक असा हवा की ज्याचं नाव ऐकून पाहुणे "कोण?" म्हणतील.

माझ्याशी भांडायचं असेल त्यांनीही यावं. फक्त येताना 'माझे पुराण' वाचून यावं, म्हणजे भांडण बरोबरीचं होईल.